समुद्रावरचे गोटे घरी आणून घासताना: ओला रंग सुकल्यावरही कसा टिकवायचा?

पुळण

लहानपणी आजोळी गुहागरला गेलं की परतताना माझ्या खिशात गोटे असायचे. पाण्याच्या कडेला उचलताना एखादा काळाभोर, एखादा शेवाळी, एखादा मधासारखा दिसायचा. एसटी चिपळूणला पोचेपर्यंत सगळे सुकून सारखेच राखाडी व्हायचे. आजी त्यातले थोडे तुळशीच्या कुंडीत ठेवायची. सकाळी पाणी घातलं की तेवढ्यापुरता रंग परत यायचा, म्हणून पाणी घालायला मी धावायचे.

रंग कुठे जातच नाही, हे मला चार वर्षांपूर्वी कळलं. लाटांमध्ये दगड एकमेकांवर आपटून त्यांच्या अंगावर बारीक बारीक खड्डे पडतात. कोरड्या खड्ड्यांवर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो आणि रंगावर पांढुरकी साय धरल्यासारखी दिसते. पाणी ते खड्डे भरून काढतं, म्हणून ओला गोटा खुलतो. खड्डेच घासून नाहीसे केले तर पाण्याची गरज उरत नाही. फिरत्या डब्यात दगड, पाणी आणि कुरुंदासारखी कठीण भुकटी घालून हे करतात, त्याला टंबलिंग म्हणतात. समुद्राचंच काम, फक्त भुकटी उत्तरोत्तर बारीक होत जाते.

गेली चार वर्षं ठाण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत हे करते आहे. जे हाती लागलं ते लिहिते.

सगळ्यात महत्त्वाचं काम यंत्र सुरू करण्याआधीचं, म्हणजे निवड. आपला उत्तर आणि मध्य कोकणचा किनारा बहुतेक काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे गारगोटी, अकीक आणि झिओलाइटसारखी खनिजं भरली. पाषाण झिजला की त्यातली कठीण खनिजं सुटी होऊन गोट्यांत येतात. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १० वर असतो. गारगोटी ७, अकीक आणि लाल-हिरवा जास्पर साडेसहा ते सात. बेसाल्ट सहाच्या आसपास. कॅल्साइट मात्र ३. एका डब्यात एकाच कठीणपणाचे दगड हवेत, नाहीतर कठीण दगड मऊ दगडांना खाऊन टाकतात.

माझ्या पहिल्या घाण्यात मी हौसेने सगळं घातलं होतं. गारगोट्या, काळे गोटे, जांभ्याचे दोन सुरेख गोल खडे, आणि पांढरा दगड समजून शिंपल्याचा जाड तुकडा. आठवड्याने डबा उघडला तर जांभ्याचा लाल चिखल झाला होता आणि शिंपला कुठेच नव्हता. ते दोन खडे माझ्या मुलीने शोधले होते. तिला काय सांगावं ते मला सुचेना.

आता प्रत्येक गोट्याच्या तीन परीक्षा घेते. पोलादी सुरीच्या टोकाने ओरखडा सहज उठला तर तो बाद. व्हिनेगरचा थेंब टाकून फसफसलं तर चुनखडीचा किंवा शिंपल्याचा, तोही बाद. मग अंधारात मोबाईलचा टॉर्च मागून धरायचा. अकीक असेल तर आतून दिव्यासारखा उजळतो. ही परीक्षा नुसत्या आनंदासाठी घेतली तरी चालेल.

गोटे शोधायला सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. पावसाळ्यातल्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि खालची रेव, गोटे उघडे पडतात. थंडीत वाळू परत येते आणि ते झाकले जातात. मी हेदवीला बामणघळ नावाच्या खडकातल्या अरुंद घळीच्या अलीकडे, खडपाच्या म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांच्या कडेने ओहोटीला फिरते. प्रत्यक्ष घळीपाशी भरतीच्या वेळी जाऊ नये, पाणी फार जोरात उसळतं.

यंत्राबद्दल थोडक्यात. रबरी डबा, दोन फिरते दांडे, छोटी मोटर. माझा डबा दीड किलोचा आहे. दगड दोन तृतीयांश ते पाऊण डब्यापर्यंत, लहान-मोठे मिसळून. पाणी दगडांच्या वरच्या थराच्या जरा खाली. चार फेऱ्या (नंबर जितका मोठा तितकी भुकटी बारीक): ६०/९० नंबरची सिलिकॉन कार्बाइड, मग १२०/२२०, मग ५००, आणि शेवटी पॉलिशसाठी अॅल्युमिनियम ऑक्साइड. प्रत्येक फेरी साधारण सात दिवस, अहोरात्र.

बहुतेकांचं बिघडतं ते पहिल्या फेरीत, कारण घाई. समुद्रातल्या गारगोटीवर भिंगातून बघा. नखाने उमटवल्यासारख्या चंद्रकोरी दिसतील. आपटून पडलेल्या त्या चिरा आत उतरलेल्या असतात. त्या जाईपर्यंत पहिली फेरी संपत नाही. आठवड्याभरात भुकटी स्वतःच झिजून बारीक होते, म्हणून गाळ टाकून नवी घालायची आणि पुन्हा सात दिवस. माझ्या काही गारगोट्या पाच-पाच आठवडे पहिल्याच फेरीत राहिल्या आहेत. पुढच्या फेऱ्या आकार सुधारत नाहीत, फक्त आधीचे ओरखडे बारीक करतात.

मागच्या घाण्याचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं होतं. आत जाताना ९४० ग्रॅम, बाहेर येताना ६६५. एवढा दगड झिजतो, म्हणून लाडका आकार असलेला गोटा डब्यात घालू नका.

काम झालं का हे ओळखायची खूण एकच. गोटा धुवा, खडखडीत कोरडा करा, बघा. मग पाण्यात बुडवून बघा. ओला जास्त खुलत असेल तर अजून व्हायचा आहे.

---

चिंगीचा_बाबा

वाचनखूण साठवली. आमची चिंगी नऊ वर्षांची. हर्णैहून तिने डबाभर गोटे आणलेत आणि आता रोज विचारते की चमकणार कधी. दोन शंका. खालच्या मजल्यावर वयस्कर जोडपं राहतं, आवाजाचं काय? आणि एक महिना दम निघेल असं वाटत नाही, हाताने घासून काही होतं का?

---

पुळण

रबरी डब्याचा आवाज लांबून पाऊस पडल्यासारखा येतो. प्लास्टिकच्या डब्याचा खडखडाट मात्र असह्य असतो, तो घेऊ नका. मी यंत्राखाली जुनी योगाची चटई घातली आहे आणि वर पुठ्ठ्याचं खोकं, हवेला भोकं ठेवून. मोटरही गरम होता कामा नये.

हाताने नक्की होतं, आणि नऊ वर्षांच्या मुलीसाठी तेच आधी करा. हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात वापरायचा घासकागद मिळतो. २२०, ४००, ६००, १०००, २००० असे नंबर आणा. बारीक पोताचा काळा चपटा गोटा निवडा, गारगोटी नको, ती हाताला दाद देत नाही. परातीत पाणी घेऊन पाण्याखाली घासायचं. एका नंबरला उभं, पुढच्या नंबरला आडवं. आधीचे उभे ओरखडे दिसेनासे झाले की पुढे. एकच बाजू करा.

---

सड्यावरचा

लेख मनापासून आवडला, तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी मंडणगड तालुक्यातला, वेळासच्या जवळचा. कासव महोत्सवामुळे आमच्याकडे माणसं येतात, त्यांचं स्वागतच आहे. पण हल्ली पिशव्या भरभरून गोटे गाडीत घालणारी कुटुंबं बघतो. बागेत पसरायला, फिशटँकमध्ये टाकायला. गोट्यांचा तो पट्टा लाटेचा जोर मोडतो, त्याच्या मागे आमची माडाची बाग उभी आहे. शिवाय खडपातला दगड उलटा केला की खाली काय काय असतं! खेकड्यांची पिल्लं, कालवं, गोगलगायींची अंडी. दगड उचलून तसाच टाकला की ते सगळं उन्हात मरतं.

तुम्ही मूठभर नेता हे दिसतंच आहे. पण धागा वाचून शंभर जण मूठभर नेतील.

---

पुळण

तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. हे मूळ लेखात पहिल्यांदा यायला हवं होतं. माझा नियम असा: एका फेरीला जास्तीत जास्त वीस गोटे, अक्रोडाएवढे किंवा लहान, सुटे पडलेले. ज्यावर काही चिकटून वाढतंय ते नाहीत. उलटा केलेला दगड होता तसा ठेवायचा. आणि कासवांच्या विणीच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, घरटी असलेल्या किनाऱ्यांवर मी उकराउकरी करत नाही. चार वर्षांत माझे सगळे मिळून सहा-सात किलो झाले असतील.

---

पॅसिफिककाठी

आमच्या ऑरेगॉनमध्ये याला सरळ नियमच आहे. माणशी दिवसाला एक गॅलन, वर्षाला तीन गॅलन, तेही स्वतःच्या हौसेपुरतं. विकायला नाही. अकीक शोधणारे भरपूर, आणि मजा म्हणजे तुमच्या पावसाळ्याचं काम इथे हिवाळा करतो. वादळं वाळू ओढून नेतात, खालचे रेतीगोट्यांचे थर उघडे पडतात, आणि जानेवारीच्या पहाटे न्यूपोर्टच्या किनाऱ्यावर गमबूट घातलेली माणसं खाली माना घालून चालत असतात. सूर्य समोर ठेवून चालायचं, मग अकीक वाळूत पेटल्यासारखे दिसतात. ही युक्ती हेदवीलाही चालेल. तिथे सूर्य संध्याकाळी समुद्रावर असतो, तेव्हा ओहोटी संध्याकाळची गाठा.

---

डॉर्सेटची_माई

इंग्लंडमध्ये तर बऱ्याच किनाऱ्यांवर एकही गोटा उचलता येत नाही. १९४९च्या किनारा संरक्षण कायद्याचा आधार आहे. २०१८ साली कॉर्नवॉलमधल्या क्रॅकिंग्टन हेवनहून नेलेले गोटे एका पर्यटकाला परत नेऊन ठेवावे लागले होते. आमच्याजवळ चेसिल बीच आहे, २९ किलोमीटर लांब गोट्यांची भिंतच. पश्चिमेच्या टोकाला वाटाण्याएवढे गोटे आणि पोर्टलंडच्या टोकाला बटाट्याएवढे, लाटांनीच निवडून लावलेले. तिथे मी नातवंडांना नुसतं हातात घेऊन बघायला शिकवलंय. घरी घासायला गोटे हवेत तर दगडांच्या दुकानातून कच्चा अकीक आणते.

---

व्याध

मी दुर्बिणीचे आरसे घासतो, त्यामुळे हे वाचताना घरचंच वाटलं. आमचीही हीच चढण: ८० नंबरची कार्बोरंडम, म्हणजे तुमची सिलिकॉन कार्बाइडच, मग १२०, २२०, ४००, ६०० आणि शेवटी काच चकाकवायची भुकटी, सेरियम ऑक्साइड. एकच भर घालतो, पण ती महत्त्वाची आहे. स्वच्छता. पॉलिशच्या फेरीत ८० नंबरचा एक कण शिरला तर सगळं काम वाया. आरशाचं तर महिन्याचं जातं. प्रत्येक नंबरला वेगळी बादली, वेगळा ब्रश, वेगळं फडकं. नखं कापलेली. बाह्या दुमडलेल्या, कारण बाहीच्या शिवणीत भुकटी बसते.

पुळणताई, तुमच्या काळ्या पाषाणात ते पांढरे ठिपके असतात, त्यांचं काय करता? तिथे भुकटी अडकत असणार.

---

पुळण

अगदी बरोबर ओळखलंत, माझे दोन घाणे त्यातच गेले. ते ठिपके बहुतेक झिओलाइटचे. पाषाणापेक्षा मऊ असल्याने ते आधी झिजतात आणि जागी खळगा राहतो. खळग्यात जाड भुकटी बसते आणि दोन फेऱ्यांनंतर सुटून सगळ्यांना ओरखडते. आता ठिपकेवाले गोटे मी डब्यात घालतच नाही, हाताने करते. त्यांना आरशासारखी चकाकी येत नाही, पण साबणाच्या वडीसारखा मऊ, रेशमी हात येतो आणि काळ्यावर पांढरी नक्षी उठून दिसते. मला तेच गोटे सगळ्यात आवडतात.

दोन फेऱ्यांच्या मधे मी भुकटीशिवाय, नुसतं पाणी आणि किसलेला साधा साबण घालून डबा तासभर फिरवते. केवढा गाळ निघतो ते एकदा बघाच. मग टूथब्रशने एकेक गोटा. पॉलिशच्या फेरीला वेगळा डबाच ठेवला आहे.

---

रेवदंडेकर

एवढी महिनाभराची खटपट कशाला? आमच्याकडे गोट्यांवर क्लिअर लॅकर मारतात, पाच मिनिटांत ओला रंग. नाहीतर खोबरेल तेलाचा हात.

---

पुळण

तेल दोन दिवसांत धूळ धरतं. लॅकर मी केलं होतं, आजीच्या कुंडीतल्या गोट्यांवरच. वर्षभरात पिवळं पडलं आणि पापुद्रे सुटायला लागले. शिवाय हात लावला की हाताला दगड लागत नाही, प्लास्टिक लागतं. गोटा गार लागला पाहिजे. ज्यांना बाटलीत घालून नुसते बघायचेत त्यांनी जरूर लॅकर मारावं, मला मात्र ते पटत नाही.

---

मध्यरात्रीचा_पाहुणा

अनुभवाचे बोल लिहितो, नवीन माणसाचं नुकसान वाचेल. गाळ मोरीत ओतला. पाईपच्या वाकणात जाऊन तो सिमेंटसारखा बसला. प्लंबरने पाईप कापून काढला. दुसरं, गावाकडे वीज गेली ती तीन दिवस आली नाही. डबा उघडायचं राहून गेलं आणि आत गाळाची वीट तयार झाली, दगड कोरून काढावे लागले. तासा-दोन तासांनी वीज आली तर काही होत नाही, पण लांबणार असेल तर डबा उघडून दगड पाण्याखाली काढून ठेवावेत. काही दगडांनी आत वायूही साठतो, झाकण फुगतं. दिवसातून एकदा उघडून हवा सोडायची.

---

पुळण

हे लिहिलंत ते फार बरं झालं. मी गाळ जुन्या बादलीत निवळू देते, वरचं पाणी ओतून टाकते आणि तळाचा चिखल वाळवून कचऱ्यात देते. वीजबिलाचं कुणी व्यक्तिगत निरोपातून विचारलं होतं: माझी मोटर २५ वॅटची, दिवसाला ०.६ युनिट, महिन्याला १८.

---

विश्वामित्रीकाठचा

वडोदऱ्याहून लिहितो. आमच्यापासून जवळच खंभात, आणि अकीक म्हटलं की खंभातच. कच्चा माल भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या टेकड्यांतला, जिथे बावा गोरचा दर्गा आहे. दगड आधी उन्हात वाळवतात, मग मातीच्या भांड्यात शेणीच्या धगीवर भाजतात. आतलं लोह तापून पिवळट दगड लाल होतो. लोथलच्या उत्खननात मणी घडवणाऱ्यांची कार्यशाळा सापडली आहे, एवढं जुनं हे काम.

या धाग्यावर सांगण्यासारखं म्हणजे टंबलिंग तिथे मोटरच्या फार आधीपासून होतं. चामड्याच्या पिशवीत मणी, पाणी, कुरुंदाची भुकटी आणि अकिकाचाच चुरा भरायचा, तोंड बांधायचं, आणि दोन माणसांनी समोरासमोर बसून ती पिशवी एकमेकांकडे लोटत राहायचं. दहा-पंधरा दिवस. पुढे लाकडी पिंपं आली, मग विजेवरची.

आणि एक कळकळीची गोष्ट. खंभातच्या कारागिरांत सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. तो पिंपातल्या ओल्या कामाने होत नाही, तर सहाणेच्या चाकावर कोरडा दगड घासताना उडणाऱ्या धुळीने होतो. फुप्फुसात गेलेली ती धूळ परत निघत नाही. हौशी माणसं छोटं ग्राइंडर आणून घरात कोरडे दगड घासतात, त्याचे व्हिडिओ बघून मला धडकी भरते. गारगोटी, अकीक कधीही कोरडे घासू नका. सांडलेली भुकटी आणि वाळलेला गाळ झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

---

पुळण

विश्वामित्रीकाठचा, फार मोलाचं लिहिलंत. वाळलेल्या गाळाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी तो खुरप्याने खरवडत होते. आजपासून ओला असतानाच पिशवीत बांधून टाकीन. पिशवी लोटणाऱ्या त्या दोन माणसांचं चित्र डोळ्यांपुढून हलत नाहीये.

---

पळीपंचपात्र

आमच्या घरी पंचायतन आहे. नर्मदेचा बाण, गंडकीचा शाळिग्राम, शोण नदीतला तांबडा शोणभद्र. रोज आंघोळ घालताना हाताला लागणारा बाणाचा तो गुळगुळीतपणा आणि या धाग्यातले गोटे, दोन्ही पाण्याचीच करणी. पणजोबांपासूनची मूर्ती आहे. जुन्या फोटोतला बाण आणि आजचा बाण यांत चकाकीचा फरक मला खरोखर वाटतो. शंभर वर्षं पंचामृत, पाणी आणि पुसायचं मऊ वस्त्र. व्याध सांगतील का, नुसत्या कापडाने असं होऊ शकतं?

---

व्याध

नुसत्या कापडाने दगड कापला जात नाही. पण कापडावर नेहमी थोडी धूळ असते आणि धुळीत गारगोटीचे अतिबारीक कण असतात. शंभर वर्षांचा रोजचा हात म्हणजे छत्तीस हजारांहून जास्त वेळा. जुन्या देवळांतल्या पायऱ्या आणि उंबरे हातापायांनी गुळगुळीत झालेले आपण बघतोच. फोटोतला फरक प्रकाशाचाही असू शकेल, पण तुमचा हात रोजचा आहे, तो सांगतो त्यावर मी विश्वास ठेवेन.

---

चिंगीचा_बाबा

बऱ्याच दिवसांनी येतोय. यंत्र घेतलं नाही. हर्णैच्या गोट्यांतला एक चपटा, बदामाच्या आकाराचा काळा गोटा चिंगीने निवडला. रोज संध्याकाळी परात, अर्धा तास. २२० लाच नऊ दिवस गेले, कारण एक ओरखडा जाईना आणि तिला पुढे जायचं नव्हतं. मी म्हणालो असू दे, तर म्हणाली पुळणमावशींनी नाही सांगितलंय. नंतरचे नंबर दोन-दोन दिवसांत झाले. शेवटी व्याध यांनी लिहिलेलं सेरियम ऑक्साइड चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका ओळखीच्यांकडून चमचाभर मिळालं, ते जुन्या जीन्सच्या ओल्या तुकड्यावर.

काल तिने गोटा पुसला आणि दिवसभर खिडकीत वाळत ठेवला. रात्री पाण्याच्या पेल्यात बुडवला, बाहेर काढला, पुन्हा पुसला. मग आम्हा दोघांना विचारलं, आत्ता ओला आहे की कोरडा? तिच्या आईने ओला सांगितलं.

बाकीचे सगळे गोटे मेमध्ये हर्णैला परत नेऊन ठेवायचे असं तिने ठरवलं आहे. सड्यावरचा यांचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला होता.

---

सड्यावरचा

चिंगीला सांगा, मेमध्ये आलीस की वेळासलाही ये. ओहोटीला खडपात काय काय राहतं ते मी दाखवतो.

---

पुळण

चिंगीचा_बाबा, दुसऱ्या बाजूला हात लावू नका. एक बाजू समुद्राची, एक तिची, तसाच ठेवा. आणि २००० च्या पुढे ३००० चा पेपर वापरलात की थेट सेरियम? माझ्या काळ्या गोट्यांवर २००० नंतर अजून धुरकट राहतं.

---

चिंगीचा_बाबा

३००० वापरला. गाड्यांच्या रंगकामाच्या दुकानात मिळतो, हार्डवेअरवाल्यांकडे नव्हता.